साहेबानं पिलेला बर्फ

बर्फाचं नाव काढलं म्हणून सांगतो गड्यांनो, आमच्या सरची नोकरी एका बर्फापायी जाऊन राहिली होती.

विज्ञानाचे सर नवीन, नोकरी कच्ची. तपासणीले येणाऱ्या साहेबाले पदार्थाच्या तीन अवस्था दाखवायच्या होत्या. मी वरठीहून सायकलवर धानाच्या कोंड्यात बर्फ आणला. सरनं तो धुऊन गिलासात झाकून ठेवला. साहेबाचा पत्ता नाही. सर घडीघडी झाकण उघडून पाहे.

"सर, हवा लागून वितळते ना!"

"अबे, हाय का नाही ते तं पाहू दे!"

शेवटी नुसतं पाणी उरलं. तेवढ्यात साहेब घामाघूम होऊन आला, तोच गिलास उचलला अन् गटागटा पिऊन टाकला.

"वा, थंडगार! हं, दाखवा प्रयोग."

सर पांढरेफटक. मीच उठलो.

"साहेब, स्थायू तुमची वाट पाहता पाहता संपला. द्रव तुमच्या पोटात हाय. आता वायूची वाट पाहून राहिलो."

साहेब पोटावर हात ठेवून खुर्चीत जरा एका अंगावर कलला. मंग सरले म्हणे, "प्रयोग पूर्ण झाला. शेरा चांगला देतो. तेवढी खिडकी उघडा."