चिंचांची बाजू

हॅलो? … व्हय, नेत्रावतीच बोलायले. माझा फोन दुसरं कोण उचलणार? … जेवलाव का? … काय झालं न्हाई, सगळे बरे हायत. कामून असं विचारायलाव?

… पप्पूनं व्हिडिओ पाठवला? हैदराबादपर्यंत पोचला व्हय? त्या पप्पूला दुसरा उद्योग न्हाई. … हिरव्या साडीतली मीच. बायको वळखू येत न्हाई का? … माईक हातात दिला तर काय फेकून देऊ?

… अवं, ऐका ना. आधी सगळं ऐका, मग वरडा. परवा भोंगा लावून रिक्षा फिरली. रस्त्याच्या कामाची 'अहवालु' सभा हाय, शाळेत या म्हणून. तुमचे अप्पा म्हणले, अहवाल वाचून दाखवणार, तिथं जाऊन काय जांभया द्यायच्या? झालं. सगळे गडी तसंच म्हणले आन् गेले रानात. … अवं, रिक्षा कन्नडात बोलत होती! कन्नडात अहवालु म्हणजे गाऱ्हाणं. रस्त्यापायी झाडं किती जातील, पाणी कुठं अडंल, लोकांचं म्हणणं काय, ते ऐकून घ्यायला साहेब येणार होते.

… सांगितलं की तुमच्या अप्पांना. कमठाण्याच्या कन्नड शाळेत शिकले मी, मला कळणार न्हाई का? तर म्हणले, तू मला अहवाल शिकवू नको. … मग काय करू? चिंचा फोडायला बसलेल्या बाया उठवल्या आन् गेलो सगळ्या.

… तेच सांगायले. साहेबांनी नकाशा लावला. रस्ता रुंद करायचा तर चिंचांची ओळच्या ओळ जायलीय. … सगळी. मल्लेश्वरीअक्काला रान कुठं हाय? तिचं रान म्हणजे त्या चिंचाच. ती तर रडायलाच लागली. … म्हणून मी उठले. म्हणले, पलीकडच्या अंगानं रुंद करा, तिकडं एक झाड न्हाई.

… व्हय. … व्हय, म्हाईत हाय मला, पलीकडं कुणाचं रान हाय ते. … रागाच्या भरात न्हाई. … साहेबांनी पण तेच विचारलं, पलीकडचं कुणाचं? सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायल्या. मी म्हणले, "नम्मदे री, सर." आमचंच हाय.

… अप्पांना? कळलंय की.

… मीच सांगितलं त्यांना. दुसऱ्याच्या तोंडून कशाला कळाय पायजे? … काय म्हणणार? बुडवलंस घर, म्हणले. जेवलेच न्हाईत. मग जरा वेळानं म्हणले, आण भाकर. आन् जेवता जेवता म्हणले, तिथं तर नुसती हरळी माजलीय, ज्वारी कुठं धड येती? … हसायलाव काय? आता पारावर बसून सांगायलेत, आमच्या सुनंनं अहवालु दिला म्हणून. जसं काय त्यांनीच मला धाडलं होतं.

… न्हाई, ठरलं न्हाई अजून. लिहून घेतलंय, पुन्हा मोजून बघतो म्हणलेत. … गेली पट्टी तर गेली. … भ्या वाटतंयच की. तुमच्या वाटणीचं रान, आन् तुम्हाला न इचारता बोलून बसले. काल धड झोप न्हाई मला. शिव्या घालायच्या तर घाला, पण मनात ठेवू नका.

… काय? … बरं केलंस, म्हणलाव?

… ऐकू आलं. नीट ऐकू आलं. तरी पुन्हा एकदा म्हणा.

… हं. … बरं. ठेवते.