डाव्या बाजूला घासतंय

—अरे जोर नको लावूस, जोर नको लावूस! नळ आहे का तो पिळायला? ठेव. इकडे ठेव, या टॉवेलवर. तोंड भिंतीकडे. भिंतीकडे म्हटलं अनीश, माझ्या पोटाकडे नाही! हां. आता सांग, रायफल हातात घेतल्यावर पहिलं काम काय? — बघ, माहीत नाही. गोळ्यांचं मॅगझिन आत गच्च बसलंय आणि जावईबापू ते उपटायला निघालेत, चेंबरमध्ये गोळी आहे का नाही हे न बघता. सरक. बोल्ट असा मागे ओढायचा, मागेच धरायचा, आत बघायचं — आणि नुसतं बघून भागत नाही, करंगळी घालायची. रिकामी आहे. नशीब तुझं, आणि माझ्या गराजचं. आता हा खटका दाबून धरायचा आणि मॅगझिन अंगठ्यानं हळूहळू खाली... हळूहळू... आलं. बघितलंस? ताकद नाही लागत. अक्कल लागते.

आणि हे कागद कसले? इंटरनेटवरनं काढलेत? दाखव. 'मॅगझिन टाइट असल्यास बाजू पॉलिश पेपरनं घासाव्यात.' — आणि तू घासल्यास! दिसतंय की, काळा रंग गेला, आतला पत्रा उघडा पडला. लिहिलंय कुणी हे? खाली नाव आहे? नाही. कुठला तरी टोणगा बिअर पीत टाइप करतो आणि तुम्ही कॉम्प्युटरवाले ते मंत्रासारखं म्हणत बसता. रोग कुठे ते तपासलं नाही, आधीच कापाकापी. तुझे सासरे डॉक्टर ना रे? तेसुद्धा पेशंटला असंच करायचे का? — असतील करत. मला नाही आश्चर्य वाटणार.

म्हणजे मामला असा ना — तू एडिसनहून आलायस सासूसासऱ्यांना घेऊन जायला, घर विकलं गेलंय, उद्या सकाळचं विमान, आणि ही रायफल तुमच्या न्यू जर्सीत न्यायची तर कायद्याच्या दहा भानगडी. म्हणून ती शेजारच्या म्हाताऱ्याला द्यायची. आणि त्यानं मॅगझिन घालून बघितलं आणि तोंड वाकडं केलं — बरोबर? टेक्सन आहे तो, त्याला कळतं. तुम्हाला नाही कळत, त्याला कळतं. मग तुझ्या सासऱ्याला, प्रतापला, बरोबर माझी आठवण झाली. दोन वर्षांत फोन नाही, तोंड दाखवणं नाही, मंडळाच्या गणपतीला मी एका दारानं आत शिरलो की तो दुसऱ्या दारानं बाहेर. पण काम निघालं की दिगंबर. — काय? भेटायला? मी? कशाला? आमची सुचित्राही कालपासून तेच म्हणतेय, 'अहो, एकदा जाऊन या, परत कधी गाठ पडणार, त्याची तब्येत ही अशी.' स्वतः सकाळपासून तिकडेच आहे, तुझ्या सासूला, सुलेखाला, पॅकिंगला मदत करतेय. जाऊ दे तिला. मी नाही येणार. चूक त्याची, आणि जायचं मी? वा रे वा! त्यानं यावं, 'दिगंबर, तू बरोबर होतास' म्हणावं — चारच शब्द आहेत — मग मी एअरपोर्टपर्यंत सामान उचलून देईन.

तुला सांगितलं नसेल त्यानं. कसं सांगेल? ऐक मग, हात चालू आहेत तोवर. आम्ही पाच जण होतो, दर दुसऱ्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जायचो. नेम-बिम सोड, पण मजा यायची. दोन हजार पाच, दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार. प्रतापचं मॅगझिन अडकलं. हे असंच, अर्ध्यात. आता माणसानं काय करावं? रायफल खाली ठेवावी, हात वर करावा, रेंजवाल्याला बोलवावं. ह्यानं काय केलं? धरून हिसडे मारायला लागला! आणि हिसड्यात नळी फिरली उजवीकडे — उजवीकडे आमच्यातलाच कुमार उभा. चेंबरमध्ये गोळी, बरं का. रेंजवाला असा ओरडला की सगळी रेंज बंद पडली. प्रतापला बाहेर काढलं, सगळ्यांसमक्ष. एवढा मोठा डॉक्टर, आणि शाळेतल्या पोरासारखा बाकावर बसला होता मान खाली घालून. मी तेव्हाच सगळ्यांना म्हटलं — हत्याराची काळजी घ्यायची अक्कल नाही, हात थरथरतात, ह्याच्या हातात रायफल देऊ नका. — काय म्हणालास? तेव्हा थरथरत नव्हते? नसतील. आता थरथरतात ना? मग!

कारण मला माहीत होतं ना मॅगझिन का अडकलं ते. हा माणूस खंडेनवमीला ह्या रायफलची पूजा करायचा. हसू नकोस, खरं सांगतोय. गराजमध्ये पाट मांडून, झेंडूचा हार, हळदकुंकू, वर अक्षता. आमच्याकडेही मी मशीनची पूजा बघितलीय, चिंचवडला टूलरूममध्ये होतो तेव्हा लेथला हार घालायचे — पण स्लाइडवर, सरकत्या भागावर, तांदूळ नाही टाकायचे रे कुणी! ऑपरेटरला कळायचं ते ह्या डॉक्टरला कळू नये? मग त्या वर्षी मंडळाच्या दिवाळीला मी छोटीशी नक्कलच करून दाखवली. स्टेजवर. पाच मिनिटांची. धोतर नेसून, मंत्र म्हणत, एक हात असा थरथरवत, रायफलला घास भरवतोय — खा बाळा, वरणभात खा — अरे लोक लोळले! टाळ्या थांबेनात. सुलेखा उठून गेली. जाऊ दे. चेष्टा सोसत नाही तर माणसानं माणसांत येऊ नये. प्रताप बसून होता शेवटपर्यंत. हसत होता वाटतं. मला स्टेजवरनं नीट दिसलं नाही, लाइट डोळ्यांवर होता.

दे तो टॉर्च. ही चौकोनी पोकळी दिसते ना, मॅगझिन जिच्यात शिरतं — मॅगवेल म्हणतात हिला. हिच्यात आधी बघायचं. मॅगझिनला मग हात लावायचा. आता बघू या डॉक्टरसाहेबांनी काय काय... हां! हां हां हां! हे काय? इकडे ये. जवळ ये. चिमटा दे, तो नाही, लांब टोकाचा. हे बघ. काय आहे हे? मोठ्यानं बोल. — तांदूळ! कुंकवाचा लाल तांदूळ, तेलात भिजून चिकटलेला, उजव्या कोपऱ्यात. दोन वर्षं मी बोंबलून सांगतोय आणि दोन वर्षं तो माणूस फुगून बसलाय. ह्या डबीत टाक तो. टाक, फेकू नकोस. ही डबी घेऊन जा आणि त्याच्या हातात दे, म्हणावं दिगंबरनं प्रसाद पाठवलाय. — काय तोंड पाडून उभा आहेस? सासऱ्याचा पुळका आला? अरे, मला आनंद नाही होत. पण खरं ते खरं.

चल. फडक्यानं पुसलं, तेल काढलं, आता मॅगझिन घालतो आणि ते लोण्यासारखं... लोण्यासारखं...

एक मिनिट.

तू घासलंयस ना, त्यामुळे कड वर आली असणार. तुझा पराक्रम. थांब, माझं मॅगझिन लावून बघू. माझी रायफलही ह्याच मेकची, आम्ही बरोबर घेतल्या होत्या, एकाच दिवशी, एकाच दुकानातनं. त्यानं हट्ट केला, 'दिगंबर, दोघांची सारखी घेऊ, म्हणजे काही बिघडलं तर तू आहेस.' हे घे, हे मॅगझिन माझ्या रायफलीत नुसतं सोडलं तरी खटकन बसतं. आता ह्यात... हं. हेसुद्धा अडतंय. म्हणजे मॅगझिन नाही. मॅगझिनचा काही संबंधच नाही. बरं. असतं असं. आत आणखी काही अडकलं असेल, सबंध ताटच वाढलं असेल त्यानं. मार्कर दे. मॅगझिनच्या दोन्ही बाजू काळ्या करायच्या, आत घालायचं, बाहेर काढायचं, जिथला रंग गेला तिथे घासतंय. साधी गोष्ट. तुझ्या त्या टोणग्यानं लिहिलीय का कागदावर? नाही लिहिणार. — आत... बाहेर. आता बघ. उजवी बाजू जशीच्या तशी. तांदूळ उजवीकडे होता. रंग गेलाय डावीकडे. डाव्या बाजूला घासतंय.

डाव्या बाजूला काय आहे?

टॉर्च सरळ धर. सरळ धर रे, हात कशाला हलवतोस! ... ती? ती काही नाही. ती पट्टी आहे. पितळी. पाच थाऊची. — थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. न मोजता कसं म्हणजे? एकतीस वर्षं व्हॉल्व्ह जुळवले मी ह्या ह्यूस्टनात, माझ्या डोळ्यांना कळतं. कुणीतरी चिकटवलीय इपॉक्सीनं. खालचा कोपरा सुटून वर आलाय. इथल्या दमट हवेत नाही टिकत इपॉक्सी, तेल आत शिरतं, हिरवा गंज धरतो, मग पट्टी फुगते. मॅगझिन आत जाताना कोपरा वाकतो आणि बाहेर येताना धरून ठेवतो. ज्यानं लावली त्यानं खालची धार घासून उतरती करायला हवी होती, शिकाऊ पोरालाही कळतं. — कुणी लावली मला काय विचारतोस? लावली असेल कुणीतरी. दुकानदारानं. त्यानं स्वतःच लावली असेल, डॉक्टर लोकांना वाटतं आपण काहीही शिवू शकतो. — पट्टीवर काय आहे? कुठे? ... असेल. 'दि' असेल, नाहीतर ओरखडा असेल.

असा बघू नकोस माझ्याकडे. बरं, मी लावली. झालं समाधान? दोन हजार चारच्या मार्चमध्ये. तो म्हणाला मॅगझिन खडखड वाजतं, मला आवडत नाही. मी म्हटलं आण. ह्याच बाकावर मी काम करत होतो, ह्याच स्टुलावर तो बसला होता, तू उभा आहेस तिथे, चहा पीत, आणि म्हणत होता, 'दिगंबर, तुझे हात म्हणजे सर्जनचे हात आहेत.' मी काम केलं की खूण करतो, टूलरूमची सवय. आणि तेव्हा बसत होतं ना चोख! दीड वर्ष बसत होतं. कुणाला वाटलं होतं... मी नंतर बघितलंच नाही. रेंजवर एकदा टॉर्च मारून बघितलं असतं तर — पण तांदूळ माहीत होता ना मला. तांदूळ माहीत असल्यावर माणूस आणखी काय बघणार?

सरक. काढतो. ब्लेडनं असं... उचकटली. निघाली. राहिलेला गोंद खरवडला की संपलं. घाल मॅगझिन. तूच घाल. खटका दाब. पडलं ना आपोआप? दोन मिनिटांचं काम होतं. जा, तुझ्या टेक्सन म्हाताऱ्याला दे. आणि ऐक — प्रतापनं विचारलं तर सांग तांदूळ होता. खोटं कुठे आहे? तांदूळ होताच. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलास, डबीत आहे. पट्टीचा विषय काढू नकोस. उद्या जाणार माणूस, कशाला त्याच्या डोक्याला ताप. त्याला कळून आता काय—

काय म्हणालास?

ठाऊक आहे? कुणाला ठाऊक आहे? प्रतापला? कधीपासून? — रेंजवरनं घरी आला त्याच संध्याकाळी? टॉर्च घेऊन बघितलं... आणि काढली नाही? का नाही काढली? — 'दिगंबरनं लावलीय, दिगंबरच काढेल.' असं म्हणाला तुला, तू मॅगझिन घासून बसल्यावर. दोन वर्षं तशीच ठेवली. म्हणजे मी स्टेजवर ते सगळं करत होतो तेव्हा त्याला... तेव्हा तो पहिल्या रांगेत बसून...

मग बोलला का नाही? एक शब्द बोलायचा होता! माइक हातातनं काढून घ्यायचा होता माझ्या! तोंड नव्हतं त्याला? — काय? परत सांग. 'चार लोकांत हसं झालेलं दिगंबरला सोसणार नाही. मला सोसतं.'

सोसलं असतं मला. कोण म्हणतं सोसलं नसतं? मोठा डॉक्टर लागून गेला, मला काय सोसतं ते हा ठरवणार! मी काही... मला...

घे ती रायफल. केसमध्ये घाल, झिप लाव. ते कागदही उचल तुझे. किती वाजता निघताय उद्या — नको, नको सांगूस, मी विचारलं नाही. डबी ठेव. डबी इथेच ठेव म्हटलं, ती द्यायची नाही कुणाला. जा आता. अजून उभाच? गाडी काढ आणि जा, मला काम आहे.