कोठीवरची लाख

मी मूळची बोर्ली पंचतनाच्या वरल्या अंगाची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या साली लगीन होऊन दिवेआगरात आले, आन् भात सुटलं, सुपारी हाताला आली. आमचे हे लई सरळ माणूस. सरळ म्हंजे किती, काय सांगू तुम्हाला, वाटेवर पडलेला दुसऱ्याचा नारळ उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवायचे, वर विचारायचे, तुमचाच हाय ना. त्या सरळपणानंच आमचा घात केला.

आमची वाडी ल्हान. शेजारच्या दोन घरांची सुपारीबी आमच्याच कोठीत यायची, आन् हे सगळ्यांची मिळून दर्यावरनं पडावानं मुंबैला धाडायचे. पैसा आला की ज्याचा त्याला, मधे दिडकी खाल्ली न्हाय. पर पावती यांच्या एकट्याच्या नावावर. तेवढ्यावरनं सेलटॅक्सवाले म्हणाले, तुम्ही व्यापारी, मागल्या सालांचा सगळा टॅक्स भरा. हे म्हणाले, अवो मी कसला व्यापारी, मी वाडीत खपणारा. अलिबागच्या वकिलानं अपील घातलं. पर अपील घातलं म्हणून वसुली थांबते व्हय? चैतात एक साहेब शिपाई घेऊन आला, कोठीला कुलूप घातलं, वर लाल लाख लावून गेला. आत तीन घरांची सुपारी, अर्धी ओली. सुपारीला म्हैना-दीड म्हैना ऊन लागतं, रोज हात फिरवावा लागतो, तान्ह्या पोरावानी.

वकील म्हणाला, अपील चाललंय तवर वसुली थांबवा असा अर्ज करू. त्यात माझ्या पाटल्या गेल्या, जाऊ द्या. पर हुकूम आला! निकाल लागेपर्यंत वसुली थांबवावी, जप्त माल सोडावा. तलाठ्यानं सोता वाचून दावला, म्हणाला, तोडा कुलूप, मी हाय साक्षीला. आन् आमचे हे जागचे हलेनात. म्हणाले, ज्यानं लाख लावली त्यानंच काढावी.

तुम्हाला ठावं नसंल, आमच्याकडं भांडणातल्या झाडाला देवाची आण घालतात. मंग त्या झाडाचं पान तोडायचं न्हाय, आन् आण घातली ज्यानं, काढायचीबी त्यानंच. यांच्या बापानं एकदा आण मोडून शहाळं उतरवलं, आन् त्याच साली यांचा धाकटा भाऊ गेला. ते मनात बसलेलं. मी म्हणलं, अवो ही देवाची आण न्हाय, सरकारची लाख हाय. तर म्हणतात, मोडणं ते मोडणंच. आठा दिवसाला श्रीवर्धनच्या कचेरीत जायचे, कारकून म्हणायचा, साहेब फिरतीवर हायत.

असेच एकदा हे गेलेले. मी कोयता घेऊन कोठीपुढं उभी राहिले. एक घाव पुरे व्हता, तवा पाऊसबी लागला नव्हता. पर यांनी मला पोराची शपथ घातलेली, आन् मीबी शेवटी हितलीच की. फिरले मागं.

साहेब आला तो नारळी पुनव झाल्यावर. नखानं लाख उडवली, हसला, म्हणाला, हुकूम होता ना, मग थांबलात कशाला? आत पाय ठेववेना. काळी बुरशी, कुजका वास. शेजारणी दारात बसून रडल्या, यांना कुणी शब्दानं बोललं न्हाय, तेच यांना लई लागलं. दोन्ही घरांची भरपाई करायला हे मुंबैला गोदीत हमालीला गेले, पाच सालं राबले, सगळं फेडलं, आन् छातीचं दुखणं घेऊन घरी आले. त्यांना जाऊन आता तिसरं साल.

अपिलाचं म्हणता? जिंकलो की आम्ही. टॅक्स लागतच न्हाय, असा कागद आला, हे गोदीत असताना. पेटीत हाय, बघायचा तर दावते.

आता पोरगा वाडी बघतो, दोन घास मिळतात. माझा कुणावर राग न्हाय. हुकूम देणाऱ्यानं हुकूम दिला, साहेबानं लाख काढली. राग येतो तो माझ्याच या हातांचा. कोयता अजून हाय, त्या दारामागं. घ्या, सुपारी घ्या, औंदाची हाय. चांगली वाळलीय, मी रोज हात फिरवते. भलं होवो तुमचं.