पांढऱ्यांची आठ नंबर

(देशोदेशींच्या महिला हॉकी संघांची स्पर्धा, उपांत्य सामना, दुपार. एक संघ पांढऱ्या कपड्यांत, दुसरा निळ्या. मैदानावर दोन पंच, थोरली आणि धाकटी; अर्धं मैदान एकीकडे, अर्धं दुसरीकडे. तिसरी पंच, खोलीवाली, बंद खोलीत कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर. तिघींच्या कानात यंत्र, तोंडापाशी माइक. त्यांचं बोलणं त्या तिघींनाच ऐकू जातं.)

थोरली : हिरवं कार्ड. पांढऱ्यांची तीन नंबर, दोन मिनिटं बाहेर.

धाकटी : तीन नाही ताई, आठ.

थोरली : तीनच. मुद्दाम स्टिक आडवी घातली तिनं.

धाकटी : घातली ती आठनं. तीन नंबर इथं माझ्याजवळ उभी आहे. काही न करता शिक्षा झाली म्हणून तोंडाचा आ वासलाय तिनं.

थोरली : ...बरं. आठ, तू चल बाहेर. कॅप्टन असलीस म्हणून काय झालं? चल.

खोलीवाली : कार्ड योग्य बाईला पोचलं ना?

थोरली : पोचलं. उन्हानं पाठीवरचे आकडे चमकतायत नुसते.

खोलीवाली : पाणी मारलेलं मैदान, त्यावर हे ऊन. चमकणारच.

धाकटी : हो...

थोरली : तुझं ‘हो’ फार लांबलं गं.

धाकटी : खेळ सुरू कर ताई. निळ्या खोळंबल्यात.

थोरली : करते. तू सांगायची वाटच बघत होते.

धाकटी : ताई, चेंडू पायाला लागला. निळ्यांची, तुझ्या डावीकडे.

थोरली : माहीत आहे. शिट्टी तोंडातच होती.

धाकटी : आता बाहेर गेला. चेंडू पांढऱ्यांचा.

थोरली : तेही कळलं. सकाळपासून चाललंय तुझं. माझ्या अर्ध्या मैदानाची पंच मी ना? का तुला अख्खं दिलंय?

धाकटी : नाही ताई.

थोरली : मग माझ्या ताटात हात घालू नकोस.

खोलीवाली : मला जरा खोकला झालाय. मधलं काही ऐकू आलं नाही.

धाकटी : संपलं तिसरं सत्र. ताई, पाणी घे.

थोरली : घेतलं.

धाकटी : उन्हाचं कारण मला सांगू नकोस. पहिल्या सत्रात चांगले ढग होते. तेव्हाही तू पाचला नऊ म्हणालीस.

थोरली : डावा डोळा. जवळचं दिसतं. लांबचं मधोमध बोट फिरवून पुसल्यासारखं. उजवाही आता त्याच वाटेवर आहे.

धाकटी : कधीपासून?

थोरली : थंडीपासून. डॉक्टरीणबाई म्हणाली, वाढत जाणार.

धाकटी : आणि स्पर्धेआधी तपासणी झाली ती?

थोरली : धावून दाखवा म्हणाले. धावले. डोळ्यांचं कुणी विचारलंच नाही.

खोलीवाली : धावलीस मात्र अशी, की तुझ्या लेकीच्या वयाच्या मुली मागे राहिल्या.

थोरली : तुला खोकला झाला होता ना?

खोलीवाली : बरा झाला.

धाकटी : मग इतके सामने निभावलेस कसे?

थोरली : कानांवर. चेंडू स्टिकला लागला की टक्. बुटाला लागला की धप्प. अर्धी पंचगिरी कानांचीच असते, तुलाही तेच शिकवलंय.

धाकटी : शिकवलंयस. पण लोक ओरडायला लागले की?

थोरली : संध्याकाळी फायनलच्या पंचांची यादी लागते. दर स्पर्धेत माझं नाव उपांत्य फेरीपाशी येऊन अडतं. पुढच्या वेळी वयाच्या नियमानं मी घरी. एवढा सामना धड पार पडला की झालं.

धाकटी : म्हणून तर मी कानात बडबडतेय. फायनल तुला मिळावी म्हणून.

थोरली : कळतं गं मला. म्हणूनच जास्त राग येतो.

खोलीवाली : बायांनो, वेळ झाली. निळ्या एक गोलनं पुढे. पांढऱ्या आता जिवावर उदार होऊन खेळणार.

धाकटी : तुझ्याकडेच येतायत ताई. गोलकीपर सोडून सगळ्या पुढे आल्यात.

थोरली : येऊ दे. पांढरा रंग दिसतो मला, आकड्यांचंच वावडं आहे. ...पाय! पेनल्टी कॉर्नर, पांढऱ्यांना. चांगला धप्प झाला.

खोलीवाली : बरोबर. निळीचा पाय होता.

थोरली : बघ. मी काय म्हटलं?

धाकटी : वेळ संपत आलीये. शेवटची संधी त्यांची. लोक उभे राहिलेत, पत्रे बडवतायत. ताई, मला तुझंच नीट ऐकू येत नाहीये.

थोरली : मलाही. काहीच ऐकू येत नाहीये.

धाकटी : मारला... आत! ताई, आत गेला!

थोरली : वेळ थांबवते. खोली, ऐकतेस ना? गोलच्या तोंडाशी पांढऱ्या मुलीला लागून आत गेला. स्टिकला की पायाला, तेवढं बघ. पाय असेल तर गोल नाही.

खोलीवाली : थांब. पहिल्या कॅमेऱ्यात गोलकीपरची पाठ. दुसऱ्यात नेमका खांब मधे. तिसरा... तिसरा या शहाण्यानं लोकांकडे वळवलाय, नाचणारी माणसं दिसतायत मला. नाही, सांगता येत नाही. मैदानावरचा निर्णय कायम. तुझा काय होता?

थोरली : ...

खोलीवाली : अगं, सगळे थांबलेत. तुला काय दिसलं?

धाकटी : स्टिक! मी पाहिलं. ताई, स्टिकला लागला. देऊन टाक गोल.

थोरली : तू कुठे उभी आहेस?

धाकटी : मधल्या रेषेवर.

थोरली : आणि मधे एवढी गर्दी. तिथून स्टिक दिसली?

धाकटी : दिसली म्हणते ना.

थोरली : न पाहिलेलं सांगायला मी शिकवलं का तुला?

धाकटी : ...नाही.

थोरली : मला दिसलं नाही. ऐकू आलं नाही. जे मला कळलं नाही, ते मी देणार नाही. गोल नाही.

खोलीवाली : गोल नाही. कळवते.

धाकटी : पांढऱ्या धावत येतायत तुझ्या अंगावर. मी येऊ तिकडे?

थोरली : तू तिथेच थांब. खेळ सुरू.

खोलीवाली : संपली वेळ. निळ्या फायनलला.

धाकटी : सुटलो बाई.

खोलीवाली : ऐक गं. गोलच्या मागे फोटोवाला बसतो ना, त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र आत्ता दाखवतायत. आता त्याचा काही उपयोग नाही. सांगू?

थोरली : सांग.

खोलीवाली : स्टिक. अगदी स्वच्छ.

थोरली : म्हणजे बरोबरी झाली होती.

खोलीवाली : झाली होती.

धाकटी : मी स्टिकच म्हटलं होतं ताई!

थोरली : पाहिलं होतंस?

धाकटी : नाही. तू गप्प उभी होतीस. मला बघवेना.

थोरली : मग अंदाज लागला तुझा, एवढंच. परत असं करू नकोस.

खोलीवाली : पंचप्रमुख बाई दारात आल्यात, काय झालं विचारतायत. कॅमेऱ्यांचा घोळ झाला म्हणते. त्यात खोटं काहीच नाही.

थोरली : कॅमेऱ्यांचं सांग. आणि पंचालाही दिसत नव्हतं, तेही सांग. थंडीपासून दिसत नाहीये. यादीत माझं नाव घालू नका म्हणावं.

खोलीवाली : विचार कर. एकदा बोलले की मला परत घेता येणार नाही.

थोरली : सांग.

धाकटी : ताई, ऊन होतं की खरंच. कुणालाही पटेल.

थोरली : मला फायनल हवी होती गं. फार हवी होती. पण या पोरींनाही हवी होती, आणि त्यांनी काही लपवलं नव्हतं.

धाकटी : ताई गं.

थोरली : रडतेस का?

धाकटी : नाही.

थोरली : हे तर मला ऐकूनच कळतं. चल, डोळे पूस, लोक बघतायत. मला त्यांच्या कॅप्टनला गाठायचंय, आत जायच्या आधी. उद्या पेपरात वाचण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळू दे तिला.

धाकटी : ती संतापलीय. वाटेल ते बोलेल.

थोरली : बोलू दे.

धाकटी : मी येते बरोबर.

थोरली : बरोबर नको. तिथूनच सांग. बाकावर तिघी बसल्यात, माझ्याकडे पाठ करून. आठ नंबर कुठली गं?

धाकटी : मधली, ताई. डोक्यावर टॉवेल घेतलाय ती.