एक झटका

मंगरूळपीरच्या स्टँडवर साधनाबाई बसची वाट पाहत होत्या. मागच्या बाकावर दोन शेतकरी बोलत होते.

“जगदेवभाऊ, तुही पोरगी या थंडीत खदानीच्या पाण्यात उतरते?”

“हो शफीकभाई. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून. बुडालेल्याले काढाचं शिकून राह्यली. वरून दोरी माह्या हातात.”

“मंग काल तिले शिकवणारे सर तुह्यावर काहून रागावले?”

“खालून दोरीले एक झटका म्हणजे ‘मी ठीक हाये’. म्या तिले वरच ओढलं.”

“काहून?”

“विहिरीतला गाळ काढतानी एक झटका आला का आपण बादली ओढतो ना.”

“पोरगी बादली हाये काय?”

“सर म्हणे, पुन्हा ओढलं तं तिचं शिकणं बंद.”

“मंग आज?”

“एक झटका आला. हात शिवशिवले.”

“ओढलं?”

“नाही. म्याबी तिले एक झटका देल्ला.”