पाय कुठल्या भिंतीला

माझं माहेर ओरत्तनाडूचं. वडील तालुका कचेरीत कारकून, आम्ही पाच बहिणी, बाहेर तमिळ आणि घरात ही आमची मराठी, पुण्याकडचं कोणी आलं की ऐकून हसतं, हसू दे, आम्हाला तीच गोड. वडिलांनी मला टीचर ट्रेनिंगला घातलं, मग लग्न होऊन तंजावूरला आले, आणि मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग मिळाला. पन्नास मुली, पन्नास! खुर्ची होती, नाही म्हणत नाही, पण मी बसले की मागच्या बाकावर चिंचेची वाटणी सुरू, म्हणून सकाळपासून चारपर्यंत मी उभी. आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू, फळ्यापुढे उभी राहिले की मी कोणाची सून नाही, कोणाची बायको नाही, टीचर.

दुसऱ्या बाळंतपणानंतर पायाच्या शिरा फुगल्या. पोटरीवर निळ्या निळ्या, गाठीगाठींच्या. संध्याकाळी पाय असा जड व्हायचा की शाळेपासून घर म्हणजे मला पापनाशम गावाइतकं लांब वाटायचं, आणि खाज, अय्यो ती खाज, एका पायाने दुसरा घासत मी भागाकार शिकवायची, मुलींना वाटायचं टीचर नाचते. मग घोट्याजवळ जखम झाली ती भरेचना. सासूबाईंनी हळद लावली, कडुलिंबाच्या पाण्याने धुतली, जखम आपली तिथेच. एक दिवस पुढच्या बाकावरच्या मुलीने नाक दाबलं, त्या दिवशी मात्र मी खूप रडले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी घट्ट बांधायची, आणि शाळेतून आलं की आडवं होऊन पाय भिंतीला लावायचे, छातीपेक्षा उंच, अर्धा तास, रोज. जखम भरली तर बरं, नाही तर उभं राहायचं काम सोडा. मी म्हटलं, एवढंच ना?

एवढंच कसलं! घरात भिंत कुठे होती? आमचं कूडम, म्हणजे मधली मोठी खोली, तिच्या पूर्वेच्या भिंतीला देवांच्या तसबिरी. उत्तरेला मामंजींच्या आईवडिलांचे फोटो, हार घातलेले. पश्चिमेला स्वतः मामंजी, माझे सासरे, आरामखुर्ची टाकून दिवसभर बसलेले, त्यांच्याकडे सुनेने पाय करायचे? राहिली दक्षिण. केले मी दक्षिणेकडे पाय, तर सासूबाई किंचाळल्या, अगं मेलेल्या माणसाचे पाय करतात तिकडे, ऊठ! मग आतल्या काळोख्या खोलीत गेले, तिथे भिंतींना भाताची पोती लावलेली, म्हटलं पोत्यावर ठेवू, तर त्या पुन्हा दारात हजर. लक्ष्मीवर पाय ठेवलास, म्हणे. आता मी छताला लटकू का, सांगा तुम्ही!

नुसत्या पट्टीने काय होतंय, दोन महिने गेले, जखम तेवढीच. सासूबाई वाईट नव्हत्या हो, रोज माझी पट्टी धुऊन वाळत घालायच्या, पण म्हणाल्या, पुरे झाली शाळा, पाय राहिला तर सगळं. हे म्हणाले, तू ठरव. म्हणजे काय ते समजा. रविवारी जेवणं झाल्यावर मी राजीनामा लिहिला, तमिळमधून, चांगल्या अक्षरात, आणि डोळ्यांतून पाणी थांबेना.

मामंजी सुनेशी बोलायचे नाहीत, तशी रीतच होती, काही सांगायचं तर सासूबाईंना नाही तर उंबऱ्याला सांगायचे. ते उठले. म्हणाले, आत फार उकडतं. आरामखुर्ची उचलली, सत्तरीचा माणूस, धापा टाकत बाहेर तिण्णैवर नेऊन ठेवली. तिण्णै म्हणजे आमचा रस्त्याकडचा ओटा, आणि ते पंगुणी महिन्याचं, फाल्गुन-चैत्राचं ऊन, बाहेर नुसती भट्टी! सासूबाई मागे धावल्या, अहो, रस्त्यावर बसणार का, लोक काय म्हणतील? म्हणाले, लोक बोलले तर मलाही बोलायला कोणी मिळेल. ओटा उंचसखल, खुर्ची डुगडुगायला लागली. तेव्हा मामंजींनी आत वळून पहिल्यांदा माझ्याकडे, सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, पोरी, तो कागद दे. दिला. न वाचता त्याची चौपदरी घडी केली आणि खुर्चीच्या पायाखाली सारली. बसून बघितलं. म्हणाले, आता ठीक आहे. जा, पाय वर कर.

मी पश्चिमेच्या भिंतीला पाय लावले आणि असं हुंदके देऊन रडले की सासूबाई चिडल्या, म्हणाल्या, आता तर भिंत मिळाली ना!

चार महिन्यांत जखम भरली. शिरा गेल्या नाहीत, जाणार पण नाहीत. पट्टी रोज बांधते, उन्हाळ्यात पाय सुजतात, लग्नाकार्याला उभं राहून वाढणं होत नाही, बसून पानं पुसते. पण चौथीचा वर्ग माझाच आहे, आणि मुलींची चिंच मी उभी राहूनच पकडते.

तुम्ही आत आलात ना, तिण्णैवर ज्यांनी तुम्हाला गाव, नाव, गोत्र सगळं विचारलं, तेच मामंजी. सहा वर्षं झाली, पावसात पण आत येत नाहीत, म्हणतात बाहेर करमतं. बरं, साडेचार झाले, तुम्ही थोडं इकडे सरका, पाहुण्यांपुढे पाय वर करते म्हणून राग मानू नका. कॉफी सासूबाई आणताहेत. देव तुमचे पाय धड ठेवो, आणि तुम्हाला असाच सासरा देवो.