नांदेडच्या शाखेची सोय

सरळ काम सरळ केलं की आमच्या लातुरात माणूस बिनडोक ठरतो, ऐका. मी कामाला असलेल्या कोचिंग क्लासमध्ये मार्कांवरून बॅच पाडायला मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. क्लासचे मालक सर म्हणाले, “एवढंच? उद्या नांदेडला शाखा काढायची हाय. तिथं मार्कांऐवजी रँक लावू. दोन्हीला चाललं पाहिजे.”

मग पुण्याहून माणूस आणला. त्यानं मोठा आकडा वर की छोटा, याचंसुद्धा सेटिंग केलं. तेच उलटं राहिलं आणि गेटावर यादी उलटी लागली. पहिली आलेली नायगावची पोरगी शेवटच्या बॅचमध्ये! बाप त्याच दिवशी तिला गावी घेऊन गेला.

चूक सापडल्यावर मी फोन केला. बाप म्हणाला, “आता कशाला, सर? पोरीनं पुस्तकं वाटून टाकली.”

नांदेडची शाखा अजून निघाली न्हाई.